मॉडिफाय केलेलं गो-कार्ट इंजिन पटकन स्टार्ट होत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे-नवी मुंबईत घरच्या घरी कार्ट बनवणारे बरेच जण आहेत. कोणी वागळे इस्टेटच्या गाळ्यात चेसिस वेल्ड करतं, कोणी रबाळे-महापेकडे लेथवर हब टर्न करून आणतं, कॉलेजच्या टीम तर दरवर्षी नवीन असतात, आणि सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात म्हणून एकत्र लिहिलेत. बहुतेकांकडे होंडा जीएक्स१६० (१६३ सीसी), जीएक्स२०० (१९६ सीसी) नाहीतर त्यांच्यासारखं चायनीज इंजिन असतं, म्हणून खालचे आकडे होंडाच्या या दोन इंजिनांचे आहेत. बाइकचं इंजिन असेल तर प्रश्न १६ बघा.

एक गोष्ट आधीच सांगतो. मॉडिफाय केलेलं इंजिन स्टार्टिंगला त्रास देत असेल तर सगळ्यात आधी तुम्ही शेवटचं जे बदललंय तिथे बघा. आणि कार्ब्युरेटरच्या जेटला (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा भाग) हात सगळ्यात शेवटी लावा, कारण जवळपास सगळे सुरुवातच जेटपासून करतात आणि मग आधीचं सेटिंग काय होतं तेच कोणाला आठवत नाही.

१. इंजिन अजिबात चालू होत नाहीये, सुरुवात कुठून करू?

आधी साध्या गोष्टी: किल स्विच (इंजिन बंद करायचा स्विच) चालूच्या जागी आहे ना, पेट्रोलचा कॉक उघडा आहे ना, ऑइल लेव्हल बरोबर आहे ना. मग चोक लावून चार-पाच वेळा रस्सी ओढा आणि प्लग काढून बघा. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल आत येतच नाहीये (प्रश्न ९). ओला, पेट्रोलचा वास मारणारा असेल तर पेट्रोल येतंय पण जळत नाहीये, म्हणजे एकतर करंट, म्हणजे प्लगची ठिणगी, नाही (प्रश्न ३), टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) हललंय (प्रश्न ४) किंवा पेट्रोल जास्त होतंय (प्रश्न ८).

करंट बघताना प्लग कॅपमध्ये घालून त्याची बॉडी इंजिनच्या धातूला टेकवायची, पण प्लगच्या भोकापासून लांब, आणि भोकावर फडकं दाबून ठेवायचं. त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते आणि शेजारीच ठिणगी पाडली तर भडका उडतो. हे अजिबात हलक्यात घेऊ नका.

अजून एक सोपी टेस्ट. प्लगच्या भोकातून पेट्रोलचे अगदी दोन-चार थेंब आत टाका, सांडलेलं पुसा, प्लग बसवा आणि ओढा. दोन सेकंद चालून बंद पडलं तर करंट आणि कम्प्रेशन ठीक आहे, भानगड कार्ब (कार्ब्युरेटर) किंवा पेट्रोल लाइनमध्ये आहे. या एका टेस्टने अर्धं शोधकाम संपतं.

२. प्लग कुठला आणि गॅप किती?

स्टॉकला एनजीके बीपीआर६ईएस, गॅप ०.७ ते ०.८ एमएम. कम्प्रेशन वाढवलंय म्हणून बरेच जण एक नंबर थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) प्लग टाकतात (एनजीकेमध्ये आकडा जेवढा मोठा तेवढा प्लग थंड). ट्रॅकवर सतत फुल थ्रॉटल असेल तर ते ठीक आहे, पण कार्ट जास्त करून कंपाउंडमध्ये हळूहळू फिरत असेल तर थंड प्लगवर काजळी साठते आणि मग स्टार्टिंगची बोंब होते. अशा वेळी ६ नंबरवर परत या.

३. करंटच येत नाही. कॉइल गेली का?

लगेच कॉइल विकत घेऊ नका. या इंजिनात किल स्विच कॉइलची वायर अर्थ करून इंजिन बंद करतो, म्हणजे कार्टच्या वायरिंगमध्ये कुठेही ती वायर घासून चेसिसला लागली की करंट बंद. कॉइलपासून किल वायर काढून टाका आणि ओढून बघा. करंट आला तर कॉइल चांगली आहे, वायर शोधा, सीटखाली किंवा स्टीअरिंग कॉलमजवळ घासलेली सापडेल.

दुसरी शंका ऑइल अलर्ट. क्रँककेसमधला सेन्सर ऑइल कमी झालं की असाच करंट अर्थ करतो, आणि कार्टमध्ये ऑइल इकडे तिकडे उसळतं किंवा इंजिन वाकडं बसवलेलं असतं म्हणून तो लेव्हल बरोबर असतानाही खोटा इशारा देतो. बरेच जण सेन्सर काढून टाकतात. काढलात तर दर वेळी चालवण्याआधी डिपस्टिक बघायची सवय लावा, कारण एकूण ऑइलच जेमतेम ०.६ लिटर असतं, थोडं कमी झालं तरी कनेक्टिंग रॉड जातो.

तिसरी गोष्ट कॉइल आणि फ्लायव्हील (क्रँकच्या टोकावरचं जड चाक) यांच्यामधला गॅप. होंडाचा आकडा ०.४ एमएम, अधिक-उणे ०.२. फ्लायव्हील बदललं असेल तर हा गॅप नव्याने सेट करावाच लागतो, हे बरेच जण विसरतात. पावसाळ्यानंतर फ्लायव्हीलच्या मॅग्नेटवर आणि कॉइलच्या पायांवर गंज बसतो, तो बारीक पॉलिश पेपरने साफ करा.

४. रस्सी ओढली की उलटा झटका बसतो, हँडल हातातून सुटतं. असं का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि सगळ्यात धोक्याचाही, त्यामुळे जरा सविस्तर.

ठिणगी पिस्टन वर पोचायच्या आधी पडते. इंजिन वेगात फिरत असताना ते बरोबर असतं, पण रस्सीवर इंजिन अगदी हळू फिरतं, आणि त्यात टायमिंग अजून पुढे घेतलेलं असेल तर पिस्टन वर पोचायच्या आतच स्फोट त्याला मागे ढकलतो. म्हणून ॲडव्हान्स की (फ्लायव्हील किंचित फिरवून बसवून टायमिंग पुढे घेणारी चावी) टाकल्यानंतर थोडा झटका वाढणं अपेक्षित आहे. त्यावर हलकं बिलेट (अख्ख्या धातूतून कोरलेलं) फ्लायव्हील असेल तर त्रास दुप्पट, कारण जड फ्लायव्हील स्वतःच्या वजनाने पिस्टनला वरच्या टोकापलीकडे नेतं, हलकं फ्लायव्हील नेत नाही. म्हणजे ॲडव्हान्स की, हलकं फ्लायव्हील आणि वाढलेलं कम्प्रेशन तिन्ही एकत्र असेल तर रस्सी अर्धवट, हळू ओढून चालणारच नाही. आधी हळू ओढत कम्प्रेशनचा अडथळा लागेपर्यंत आणा, रस्सी परत आत जाऊ द्या, मग एका दमात पूर्ण ओढा.

पण आधी झटका बसत नव्हता आणि आता अचानक बसायला लागला असेल तर फ्लायव्हीलची की कापली गेलीय किंवा अर्धवट सरकलीय असं धरून चला. फ्लायव्हील काढा आणि बघा. एक-दीड एमएम सरकली तरी टायमिंग बरंच हलतं. मुळात फ्लायव्हीलला पकड शाफ्टच्या टेपरची (निमुळत्या टोकाची) असते, की फक्त जागा दाखवते, त्यामुळे टेपरवर ऑइल, गंज किंवा बर (धातूचा उचललेला कंगोरा) असेल किंवा नट नीट टाइट नसेल तर नवीन की पण पुन्हा कापली जाणार. टेपर दोन्ही बाजूंनी कोरडा स्वच्छ करा, जागा खराब झाली असेल तर व्हॉल्व्ह लॅपिंग पेस्ट लावून फ्लायव्हील हाताने थोडं घासून बसवा, पेस्ट पूर्ण पुसा, आणि नट टॉर्क रेंचने ७५ न्यूटन मीटर. स्क्रूड्रायव्हर अडकवून हातोडीने नट आवळायचा प्रकार कृपया बंद करा, पंख्याचे पाते तुटतात आणि फ्लायव्हील बॅलन्समधून जातं.

५. रस्सी इतकी जड झालीय की ओढलीच जात नाही. कम्प्रेशन वाढलं म्हणून का?

हेड घासून किंवा पातळ गॅस्केट टाकून कम्प्रेशन वाढवलं असेल तर थोडं जड होणारच. पण मुख्य कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. स्टॉक कॅमवर एक छोटं डीकम्प्रेशन मेकॅनिझम असतं जे हळू फिरताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरतं आणि थोडं कम्प्रेशन सोडून देतं, इंजिनने वेग घेतला की ते बाजूला होतं. काही रेसिंग कॅमवर हे काढून टाकलेलं असतं. कॅम घेताना आधी हे विचारून घ्या, विशेषतः कार्ट घरातलं लहान मूल चालवणार असेल तर.

आता ज्यात लोक फसतात ते. डीकम्प्रेशन व्हॉल्व्हला अगदी थोडंसंच उचलतं, त्यामुळे एक्झॉस्ट टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्हमधला गॅप) जास्त सैल असेल तर ते थोडंसं उचलणं त्या सैलपणातच संपतं, व्हॉल्व्ह उघडतच नाही, आणि रस्सी दगडासारखी लागते. म्हणजे कॅम स्टॉक आहे, हेड स्टॉक आहे आणि तरी जड लागतंय तर आधी टॅपेट चेक करा (प्रश्न ६).

रस्सी एका जागी येऊन पूर्ण अडकत असेल तर जोर लावू नका, सिलेंडरमध्ये पेट्रोल भरलेलं असू शकतं. प्लग काढा, स्विच ऑफ ठेवून हळू ओढा, पेट्रोल बाहेर येईल. मग डिपस्टिकचा वास घ्या, ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल बदलूनच इंजिन चालू करायचं.

मागची चाकं उचलून पण बघा. रस्सी ओढताना चाक फिरत असेल तर क्लच चिकटलाय, तुम्ही इंजिनसोबत अख्खी कार्ट ओढताय.

६. टॅपेट किती ठेवायचं?

इंजिन पूर्ण थंड असताना इनटेक ०.१५ एमएम, एक्झॉस्ट ०.२० एमएम, दोन्हीला अधिक-उणे ०.०२, पण नवीन जीएक्स१६० ला आकडा कमी असू शकतो, म्हणून आपल्या मॉडेलचं मॅन्युअल बघा. पिस्टन कम्प्रेशन स्ट्रोकला वरच्या टोकाला आणा, दोन्ही रॉकर हाताने किंचित हलले पाहिजेत, मग फीलर गेज. रेसिंग कॅमसोबत त्या कॅमवाल्याने वेगळा आकडा दिला असेल तर तो धरा. अंदाजाने, हाताला खुळखुळ लागते म्हणून सेट करू नका. सैल राहिलं तर प्रश्न ५, टाइट राहिलं तर प्रश्न १०.

७. मिकुनी कार्ब टाकल्यापासून सकाळी पहिलं स्टार्टिंग होत नाही, चोक लावूनही नाही.

व्हीएम२२ टाइपच्या कार्बमध्ये स्टॉक कार्बसारखी हवा अडवणारी चोकची पाती नसते. त्यात वेगळ्या रस्त्याने जास्तीचं पेट्रोल आत सोडणारा प्लंजर असतो आणि तो रस्ता काम करायला इंजिनचं सक्शन लागतं, जे थ्रॉटल बंद असेल तरच मिळतं. सवयीने आपण चोक लावतो आणि वर थोडा ॲक्सिलरेटर दाबून धरतो, तिथेच सगळं फिसकटतं. पाय पूर्ण काढा. थ्रॉटल केबलला थोडा ढिलेपणा आहे का तेही बघा, केबल ताणलेली असेल तर स्लाइड थोडी उघडीच राहते.

एवढं करून गाडी फक्त चोकवरच चालते, चोक काढला की बंद होते, तर पायलट जेट (आयडलचं जेट) लहान आहे, बुजलंय किंवा इंजिन कुठूनतरी हवा घेतंय. हवा घेण्याची जागा म्हणजे मॅनिफोल्ड. बाजारात मिळणाऱ्या मॅनिफोल्डचा फ्लँज बऱ्याचदा सपाट नसतो, काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट करा आणि नवीन गॅस्केट टाका. इंजिन कसंबसं चालू असताना जोडावर पाण्याची बारीक फवारणी मारा, आवाज बदलला तर हवा तिथूनच जातेय. कार्ब क्लिनर मारून बघतात काही जण, गरम सायलेन्सरशेजारी तो पेट घेतो, नकोच.

स्क्रूबद्दल एक लक्षात ठेवा. मिकुनी व्हीएमचा एअर स्क्रू बाहेर काढला की मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी) होतं, स्टॉक कार्बचा पायलट स्क्रू बाहेर काढला की रिच (पेट्रोल जास्त). दोन्ही उलटे आहेत आणि यात जाम गोंधळ होतो. एअर स्क्रू एक ते दोन फेरे बाहेर असताना आयडल बरोबर बसलं पाहिजे, त्याच्या बाहेर जावं लागत असेल तर पायलट जेट बदला. मेन जेटचा स्टार्टिंगशी संबंध नाही, तो फुल थ्रॉटलसाठी असतो.

८. प्लग सारखा भिजतो.

एक, आपल्याकडे चोक गरजेपेक्षा जास्त वापरला जातो. ठाण्यात जानेवारीतल्या पहाटेला पण थंडी ती काय, आणि बाहेरच्या व्हिडिओत बर्फात उभं राहून सांगतात तेवढा चोक इथे लागत नाही. एक-दोन ओढीत फट्ट असा आवाज आला की चोक काढून घ्या. गरम इंजिनला तर लावूच नका.

दोन, फ्लोट नीडलखाली कचरा किंवा फ्लोटची लेव्हल जास्त. कॉक उघडा ठेवल्यावर कार्बमधून पेट्रोल ठिबकत असेल तर हेच. स्टॉक कार्ब टाकीतून खाली उतरणाऱ्या पेट्रोलसाठी बनलेला आहे, त्याला पंप जोडला तर पंपाच्या प्रेशरने नीडल उचलली जाऊ शकते.

भिजलेलं इंजिन चालू करायला पेट्रोल कॉक बंद, चोक बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सात-आठ वेळा ओढा, मग प्लग सुकवून पुन्हा. सुरू झालं की लगेच पाय काढायचा.

९. टाकी सीटखाली आहे, पल्स पंप लावलाय. दोन-तीन दिवस उभी राहिली की पेट्रोल येतच नाही.

पल्स पंप क्रँककेसमधल्या दाबाच्या चढ-उतारावर चालतो आणि रस्सीवर हे ठोके फार कमजोर असतात, त्यात लाइनमधलं पेट्रोल टाकीत परत उतरलेलं असतं. टाकीजवळ लाइनमध्ये हाताने दाबायचा प्राइमर बल्ब टाका, काम सोपं होतं. पल्सचा पाइप आखूड आणि जाड भिंतीचा हवा, त्यात ऑइल साठलेलं नको, म्हणून पंप इंजिनवरच्या नळीपेक्षा वर बसवा. ब्रीदर (क्रँककेसची हवा बाहेर सोडणारी नळी) मोठा उघडा सोडला असेल तर पल्स तिकडूनच निघून जातात. सगळं करून येत नसेल तर पंपाचा पातळ पडदा कडक झालाय, किट बदला.

१०. थंड असताना पहिल्या ओढीत चालू, पण गरम झाली की बंद पडते आणि मग अर्धा तास नाव घेत नाही.

बंद पडली रे पडली की टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. तसं नसेल तर तेव्हाच, गरम असतानाच करंट बघा, कारण काही कॉइल फक्त गरम झाल्यावर करंट देणं बंद करतात आणि थंड झाल्यावर एकदम ठणठणीत दिसतात. करंट असेल तर टॅपेट. टाइट टॅपेट गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसू देत नाही, कम्प्रेशन जातं, थंड झालं की परत येतं. एप्रिल-मे मध्ये पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या बाजूने गेला असेल तर पेट्रोलची पाइपमध्येच वाफ होते, पाइपचा रस्ता बदला आणि कार्बच्या मागे जाड गॅस्केट किंवा स्पेसर टाका.

११. पावसाळाभर उभी होती, आता चालू होत नाही.

टाकी आणि कार्ब पूर्ण रिकामं करा, जुनं पेट्रोल "थोडं नवीन मिसळून" वापरू नका. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली असते. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी वेगळं होऊन तळाला बसतं, आणि कार्बला पहिला घोट तोच मिळतो. काचेच्या बाटलीत काढून थोडा वेळ ठेवा, खाली वेगळा थर दिसला की समजा.

पायलट जेटचं भोक फार बारीक असतं, पांढरट-हिरवट जमा झालेलं तिथेच अडकतं. कार्ब क्लिनर आणि हवेचा प्रेशर वापरा, तार घालून भोक मोठं करू नका. पुढच्या वर्षी मे संपताना टाकी रिकामी करून, कार्बमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालवून ठेवा. जुने रबर पाइप इथेनॉलने फुगतात, तेही बदला.

१२. प्रीमियम पेट्रोल टाकलं तर स्टार्टिंग सुधारेल का?

नाही. ऑक्टेन जास्त म्हणजे नॉकिंगला अडवणारं पेट्रोल, लवकर पेटणारं नाही. कम्प्रेशन वाढवलं असेल तर नॉकिंगसाठी जरूर वापरा.

१३. स्टार्टर स्प्रे मारू का?

मॉडिफाय इंजिनवर नको. टायमिंग पुढे असताना ईथरवाला स्प्रे जोरात आणि लवकर पेटतो, झटका मनगटावर किंवा रॉडवर येतो. प्रश्न १ मधली थेंबांची टेस्ट तेच काम करते.

१४. मोठा कॅम टाकला, स्टार्ट झाली तरी आयडलला टिकत नाही.

मोठ्या कॅममध्ये इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, त्यामुळे कमी वेगात आत घेतलेलं मिक्श्चर थोडं परत बाहेर ढकललं जातं. स्टॉकचं १४०० आरपीएम आयडल आता विसरा, वाढवावं लागेल. पण किती वाढवायचं ते क्लच ठरवतो. साधा सेंट्रिफ्यूगल क्लच साधारण २००० च्या आसपास पकडायला लागतो, आयडल तिथे गेलं तर कार्ट उभ्या उभ्या पुढे सरकते आणि समोर माणूस असेल तर काय होईल सांगायला नको. क्लचच्या स्प्रिंग बदला, मग आयडल वाढवा. हाच क्रम ठेवा.

१५. इंजिन खोलून बसवल्यापासून त्रास आहे, आधी मस्त चालू व्हायची.

कॅम आणि क्रँक गिअरवरच्या खुणा जुळल्यात का बघा. एक दात पुढे-मागे झाला तरी इंजिन फिरतं, कधीकधी चालू पण होतं, पण कम्प्रेशन कमी, ताकद नाही. रॉकरखालचा पुशरॉड जागेवरून सुटलाय का तेही बघा. कम्प्रेशन गेज लावताना एक काळजी: डीकम्प्रेशनवाल्या इंजिनात आकडा मुळातच कमी येतो, त्यावरून रिंग गेल्या असं ठरवू नका. लीक-डाउन टेस्ट (प्लगच्या भोकातून दाबाने हवा सोडून) करून हवा कुठून निघते ते ऐका. कार्बमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून तर एक्झॉस्ट, ब्रीदरमधून तर रिंग.

१६. आमच्या कॉलेजच्या कार्टला १२५ सीसी बाइकचं इंजिन आहे, सेल्फ फिरतो पण चालू होत नाही.

इथे बहुतेक वेळा वायरिंग कापताना काहीतरी राहिलेलं असतं. साइड स्टँड स्विच, क्लच स्विच, न्यूट्रल स्विच, बाइकवर हे सगळं जोडलेलं होतं, कार्टवर त्यातलं काय तोडलं आणि काय जोडलं याची डायग्राम हातात घेऊन एकेक वायर बघा. २०२० नंतरच्या बहुतेक बीएस६ इंजिनात फ्युएल इंजेक्शन असतं आणि काही मॉडेलमध्ये गाडी आडवी झाल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो, तो चुकीच्या दिशेने बसवला तर ईसीयू (इंजिनचा कंट्रोलर) समजतो गाडी पडलीय. इंजिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत जाड अर्थ केबल थेट टाका, पेंट केलेल्या चेसिसच्या भरवशावर राहू नका. सेल्फ मारताना बॅटरी १० व्होल्टच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी चार्ज करून तपासा. कार्बवालं इंजिन वाकवून बसवलं असेल तर कार्ब सरळ राहील असा मॅनिफोल्ड करून घ्या, नाहीतर फ्लोट लेव्हल कधीच जमणार नाही.

१७. गव्हर्नर काढल्यामुळे स्टार्टिंग बिघडलं का?

गव्हर्नर (आरपीएम ठराविक मर्यादेत ठेवणारा भाग) काढल्याने थेट नाही. पण काढताना थ्रॉटलची लिंक बदलते आणि बटरफ्लाय पूर्ण बंद होत नाही, हे चेक करा. आणि गव्हर्नर नसेल तर स्टॉक कास्ट फ्लायव्हील आणि स्टॉक रॉडवर इंजिन बेफाम फिरवू नका. फ्लायव्हील फुटलं तर तुकडे ड्रायव्हरच्या पाठीमागूनच येतात. आधी बिलेट फ्लायव्हील आणि बिलेट रॉड, मग आरपीएम. पैसे कमी असतील तर गव्हर्नर राहू द्या.

१८. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये टेस्ट केली तर चालेल ना?

नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मोकळ्या जागेत, चाकं स्टँडवर, चेनला गार्ड, हाताशी फायर एक्स्टिंग्विशर. आणि रजिस्ट्रेशन नसलेली गाडी म्हणून घोडबंदर रोडला किंवा पाम बीचला रात्री "फक्त एक राउंड" पण नाही.

१९. रस्सी ओढून हात दुखतो, ड्रिल मशीनला सॉकेट लावून फिरवू का?

साधं सॉकेट लावलं तर इंजिन चालू झाल्यावर ते ड्रिलसकट मनगट फिरवतं, त्यासाठी एका बाजूलाच पकडणारं वन-वे सॉकेट लागतं. त्यातही उलटा झटका आला तर वन-वे काही वाचवत नाही. त्यामुळे प्रश्न ४, ५ आणि ६ तपासून झाल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका, आणि ते तिन्ही ठीक निघाले तर तसंही दोन-तीन ओढीत इंजिन चालू व्हायला हवं.